एका तोळ्याची गोळी

रायफलच्या गोळीचे वजन इंग्रजी पद्धतीत ग्रेनमध्ये सांगतात, आणि १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा. यात योगायोग काही नाही. ब्रिटिश अमदानीत १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवण्यात आला आणि आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे आपले कोष्टक त्याच मापावर बसले. त्यामुळे मासा पंधरा ग्रेनचा झाला आणि गुंज पावणेदोन ग्रेनांहून जराशी जड. आमच्या आबाजींना हे कोष्टक तोंडपाठ होते. नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावी, वाड्याच्या माडीवर त्यांची एक शिसवी पेटी असे. तिच्यात सोनाराचा काटा, माशांची पितळी वजने, पुरचुंडीत बांधलेल्या लाल गुंजा, शिशाच्या गोळ्या ओतण्याचा लोखंडी साचा आणि बाराबोअरच्या काडतुसांच्या काही रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या. लहानपणी मला ती पेटी म्हणजे आमच्या घरात कधीकाळी सोनारकाम चालत असल्याचा पुरावा वाटत असे.

त्या पेटीचा खरा उपयोग मला कळला तो दक्षिण आफ्रिकेत. मी खाणीतला माणूस. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणींत काही वर्षे काढल्यावर लिम्पोपो प्रांतातील लेफलाले या गावी, कोळशाच्याच कामासाठी, चार वर्षे राहिलो. गावाभोवती काटेरी झुडपांचे रान, त्यात कुडू, गेम्सबॉक, एलंड अशी मोठी हरणे, आणि हिवाळ्यात खासगी रानांवर चालणारी कायदेशीर शिकार. तिथे एक वयस्क सहकारी मला भेटले. त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्या माणसाला 'ओम' म्हणतात, म्हणजे काका, म्हणून मीही त्यांना ओमच म्हणत असे. त्यांच्या गॅरेजमध्ये, गाडीच्या शेजारी, काडतुसे हाताने भरण्याचे टेबल मांडलेले होते. त्या टेबलाशी मी जवळजवळ प्रत्येक शनिवारी बसलो आणि गोळी या वस्तूबद्दल जे काही शिकलो ते तिथेच.

हे आता लिहिण्याचे कारण असे की, गेल्या हंगामात आमच्या गावातील एका काकाजींच्या धानाच्या बांध्यांत रानडुकरांनी अक्षरशः नांगर फिरवला. त्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना असलेली बाराबोअर आहे. ओट्यावर बसून त्यांनी मला विचारले, "तू तं आफ्रिकेत राह्यला बाबू, तुले सारं मालूम. डुकराले जागच्या जागी पाडते अशी कोनती गोळी हाय, सांग ना."

त्यांना मी आधी कायदा सांगितला, आणि वाचणाऱ्यांनाही तो आधीच सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आपल्याकडे हौसेची शिकार हा विषय आज संपलेला आहे. माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असलेल्या विशिष्ट जनावरांबाबत वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याने लेखी आदेश दिला, तरच आणि त्या आदेशात लिहिले असेल तेवढेच करता येते. काडतूस घरी भरण्याबाबत सांगायचे तर शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा तयार करणे हे परवान्याचे काम आहे, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. म्हणून पुढे जे हाताने भरण्याविषयी आहे ते सगळे लेफलालेच्या गॅरेजमधले आहे. ब्रह्मपुरीच्या ओट्यावर करून पाहण्यासारखे त्यात काही नाही आणि दारूची मापे मी मुद्दामच दिलेली नाहीत. गोळीने जनावर कसे मरते हे मात्र दोन्हीकडे सारखेच असते.

काकाजींच्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे, ती म्हणजे मोठी गोळी जनावराला धक्का देऊन पाडते. तसे होत नाही. न्यूटनचा नियम मारणाऱ्यालाही लागू आहे. गोळीत जनावराला आडवे करण्याइतका धक्का असता, तर तेवढाच धक्का बंदुकीच्या दस्त्यातून आपल्या खांद्यालाही बसला असता. जनावर मरते ते फुप्फुसे किंवा हृदय फाटून रक्तदाब कोसळल्यामुळे, किंवा क्वचित मेंदूवर अथवा मणक्यावर घाव बसल्यामुळे. तेव्हा गोळीने दोन कामे करायची असतात: जिथे पोहोचायचे तिथपर्यंत, मध्ये कातडे, चरबी, फासळी, प्रसंगी खांद्याचे हाड आले तरी, सरळ पोहोचणे, आणि पोहोचताना रुंद वाट फाडणे. ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि गोळीच्या निवडीचा सगळा घोळ इथेच आहे. गोळी जितकी लवकर आणि जितकी जास्त पसरेल तितकी जखम रुंद होते, पण तितकीच ती अडते आणि उथळ राहते.

पसरणाऱ्या गोळीला आपल्याकडचे जुने शिकारी 'सॉफ्ट नोज' म्हणत. आत शिशाचा गाभा, बाहेर तांब्याचे पातळ आवरण आणि टोकाला शिसे उघडे ठेवलेले. मांसात शिरताच हे टोक मागे वळते आणि गोळीला छत्रीचा आकार येतो. इंग्रजीत या क्रियेला आळंब्याचे नाव आहे. आमच्या झाडीपट्टीत पावसाळ्यात वारुळांवर सात्या उगवतात, त्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही गोळी कशी दिसते हे वेगळे सांगायला नको. अशा गोळ्यांचे कुख्यात नाव मात्र आपल्याच देशातले आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस .३०३ रायफलसाठी उघड्या टोकाची गोळी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला. म्हणजे जी गोळी माणसावर वापरणे अमानुष ठरले, तीच जनावरावर न वापरणे क्रूर मानले जाते. हे उफराटे वाटते, पण त्यात तर्क आहे. सैनिक जखमी होऊन लढाईतून बाद झाला तरी युद्धाचे काम भागते; जनावराच्या बाबतीत जखमी करून सोडणे यापेक्षा वाईट काही नाही.

साध्या सॉफ्ट नोज गोळीचा दोष असा की, तिचा गाभा आणि आवरण यांना एकत्र धरून ठेवणारे काही नसते. वेग जास्त असला किंवा समोर जाड हाड आले, तर आवरण एकीकडे आणि शिसे दुसरीकडे, असे तिचे तुकडे होतात. इथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो आणि माझाही झाला होता. मला वाटे की, जवळून मारणे म्हणजे गोळीचे काम सोपे. ओम म्हणाले, उलट आहे. नळीतून निघताना गोळीचा वेग सर्वांत जास्त असतो, त्यामुळे चाळीस मीटरवर तिच्यावर जो ताण येतो तो दीडशे मीटरवर येत नाही, आणि म्हणून दाट झुडपात जवळून मारणाऱ्याने अधिक मजबूत गोळी निवडली पाहिजे. दूरवर याच्या उलट अडचण येते. वेग इतका घटतो की मजबूत गोळी उघडतच नाही आणि सुईसारखी आरपार जाते. प्रत्येक गोळीला वेगाची वरची आणि खालची अशी एक मर्यादा असते, आणि त्या दोहोंच्या मध्येच ती कारखानदाराने सांगितल्याप्रमाणे वागते.

या अडचणीवरचा एक जुना आणि मला आजही सुंदर वाटणारा उपाय जॉन नॉस्लर या अमेरिकन गृहस्थांनी काढला. १९४६ साली कॅनडातील शिकारीत त्यांच्या गोळ्या मूस जातीच्या एका मोठ्या हरणाच्या अंगात नीट आत गेल्या नाहीत. त्यावर त्यांनी गोळीच्या आवरणातच मधोमध तांब्याची एक भिंत ठेवली. भिंतीच्या पुढचे शिसे पसरते, फुटले तर फुटते; मागचा अर्धा भाग मात्र शाबूत राहून खोल जातो. 'पार्टिशन' नावाची ही गोळी १९४८ पासून विकली जाऊ लागली आणि अजून विकली जाते. पुढे गाभा आवरणाला रासायनिक रीतीने किंवा डाख लावून चिकटवलेल्या 'बॉन्डेड' गोळ्या आल्या, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण तांब्याच्या, शिसे नसलेल्या गोळ्या बाजारात रुळू लागल्या. त्यांच्या टोकाला भोक असते आणि त्या चार पाकळ्यांनी उघडतात. तांब्याच्या गोळीचा आणखी एक गुण असा की, मांसात शिशाचे कण पसरत नाहीत. हे कण खाऊन गिधाडे मरतात म्हणून कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. आपली गिधाडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने संपत आणली, तो विषय निराळा.

वजनाच्या बाबतीत नुसते तोळेमासे पाहून चालत नाही. एकाच वजनाचा एक लांब खिळा आणि एक चपटे बटण घेतले आणि दोन्ही सारख्याच जोराने लाकडात मारले, तर कोण आत जाईल हे सांगायला शास्त्र लागत नाही. गोळीचे पौंडातील वजन तिच्या इंचातील व्यासाच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. ०.३०८ इंच व्यासाच्या, १८० ग्रेनच्या गोळीसाठी तो ०.२७१ येतो आणि .३७५ रायफलच्या ३०० ग्रेनच्या गोळीसाठी ०.३०५. जाड अंगाच्या जनावरासाठी लोक ०.३०० च्या पुढचा आकडा मागतात. मात्र हा आकडा न पसरलेल्या गोळीचा असतो. आत गेल्यावर व्यास दुप्पट झाला की तो चौथाईवर येतो, हे विसरून त्याच्यावर वाद घालणारे शिकारी मी तिथे पुष्कळ पाहिले.

राहिल्या 'सॉलिड' म्हणजे मुळीच न पसरणाऱ्या गोळ्या. हत्ती, आफ्रिकी रेडा अशा जाड अंगाच्या जनावरांसाठी त्या लागतात. पण काकाजींना मी याविषयी दोन शब्द जास्तच सांगितले, कारण आपल्या सपाट धानपट्टीत हा मुद्दा जनावरापेक्षा माणसाचा आहे. पसरणारी गोळी बऱ्याचदा जनावराच्या अंगात किंवा पलीकडच्या कातड्याखाली थांबते. सॉलिड गोळी आरपार जाऊन, तिच्यात उरलेल्या वेगासह, पुढच्या शेतात जाते. आणि ऑक्टोबरच्या रात्री पुढच्या शेतात कोणीतरी जागलीला बसलेला असतो, शेकोटी विझवून, डुकरे बिचकू नयेत म्हणून अगदी गुपचूप. मागे मातीचा बांध किंवा टेकाड नसेल तर कुठलीच गोळी योग्य नाही. जिवंत विजेच्या तारा आणि गावठी बॉम्ब यांविषयी तर बोलायलाच नको; त्यांनी डुकरे मरतात तशीच गाई, वाघ आणि शेतकरीही मरतात.

आता टेबलाकडे वळतो. हाताने काडतूस भरण्याचे कारण ते स्वस्त पडते असे लोक सांगतात, पण ओमच्या टेबलावरचे साहित्य पाहिल्यावर मला हे कधी पटले नाही. दुसरे कारण सांगतात ते काडतुसाचा जोर वाढवता येतो हे, आणि तेही चुकीचे. ज्याला जास्त जोर हवा त्याने मोठी रायफल घ्यावी. खरी कारणे दोन. एक म्हणजे आपल्या जनावराला आणि अंतराला साजेशी गोळी कारखान्याच्या तयार काडतुसात मिळत नसेल तर ती घालता येते. आणि दुसरे म्हणजे पन्नासच्या पन्नास काडतुसे एकसारखी करता येतात. आबाजी रायफलची काडतुसे भरत नसत. ती ते विकत घेत, इशापूरच्या कारखान्यातील .३१५ रायफल आणि खडकीची, बुडावर 'केएफ' असा छाप असलेली काडतुसे. .३०३ हे लष्कराचे काडतूस म्हणून सामान्य परवानेदाराला वर्ज्य होते, त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ घरांत .३१५ च असे. पण विकत घेतलेले प्रत्येक काडतूस ते सोनारी काट्यावर जोखून सारख्या वजनाची वेगळी काढत. मी हे ओमना मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा ते हसले. पुंगळीच्या पितळेतच चार-दोन ग्रेनांचा फरक असतो, मग आख्खे काडतूस तोलून आतली दारू सारखी आहे हे कसे कळणार? बरोबर होते त्यांचे. तरी त्या काट्याची बाजू मला लवकरच घ्यावी लागणार होती.

पुंगळी पुन्हा वापरता येते ती तिच्या बुडातील, दारू पेटवणारी टोपी बदलता आली तर. टोपीचे दोन प्रकार आहेत. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते, त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते. बर्डन पद्धतीत भोके दोन आणि मधे पितळेचा उंचवटा, त्यामुळे टोपी काढणे जिकिरीचे. गंमत अशी की, बॉक्सर हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने बॉक्सरची टोपी उचलली आणि युरोपने बर्डनची. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून ज्या विलायती रायफलींच्या पुंगळ्या सापडतात त्या बहुधा बर्डनच्या असतात.

ओमची रायफल .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम होती. १९१२ सालचे हे काडतूस आफ्रिकेत अजून सर्वांत विश्वासाचे मानतात. त्याच्या पुंगळीला बुडाशी पितळेचा एक पट्टा असतो आणि काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी त्या पट्ट्यावर टेकते. गोळी झाडली की पुंगळी फुगून पुढे ताणली जाते. साच्यात घालून ती पुन्हा दाबावी लागते. पुढच्या वेळी ती परत ताणली जाते. असे चार-पाचदा झाले की पट्ट्याच्या थोडे वर, आतल्या अंगाने, पितळ झिजते, आणि कधीतरी पुंगळी तिथेच तुटून निम्मी नळीत अडकते. हे बाहेरून दिसायच्या आधी हाताला कळते. ओम एका तारेचे टोक टोकदार करून काटकोनात वाकवत, ती तार पुंगळीत बुडापर्यंत सोडत आणि आतल्या भिंतीवरून हलकेच वर ओढत. भिंत चांगली असेल तर टोक सुळकन वर येते. पितळ झिजलेले असेल तर एका जागी ते किंचित अडखळते, जसे नख बांगडीच्या डाखावर अडखळते. पहिल्या दिवशी मला काहीच कळले नाही. त्यांनी एक बाद पुंगळी उभी कापून माझ्या हातात दिली. आतल्या बाजूला केसाएवढी चर दिसत होती. त्यानंतर तारेला ती लागू लागली.

दारू मोजण्याचे काम हे ध्यानासारखे असते असे काही लोक लिहितात. मला ते बँकेतल्या कॅशियरच्या कामासारखे वाटले: कंटाळवाणे, आणि चूक झाली तर सगळी आपल्याच अंगावर येणारे. काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो, म्हणजे एका गुंजेचे साधारण एकोणीस भाग करून त्यातील एक. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, कारण दोन प्रकारच्या दारू दिसायला सारख्या आणि जळायला अगदी वेगळ्या असू शकतात. दारूचे माप गोळीचे नाव पाहून घ्यायचे, नुसते वजन पाहून नाही. ३०० ग्रेनची तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, कारण तांबे शिशाहून हलके. लांबी वाढली की ती पुंगळीत जास्त जागा घेते, दारूला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. शेवटी गोळीवरच्या खाचेत पुंगळीचे तोंड दाबून बसवायचे. .३७५ च्या धक्क्याने मॅगझिनमधली बाकीची काडतुसे पुढेमागे आपटत असतात. तोंड घट्ट नसेल तर तिसऱ्या-चौथ्या गोळीपर्यंत खालच्या काडतुसातील गोळी आत सरकलेली असते.

माझी चूक तिसऱ्या महिन्यात झाली. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून मी दारू भरत होतो. मध्येच घरून फोन आला, आईशी धानाच्या भावाबद्दल बोललो, आणि परत येऊन बसलो तो एक पुंगळी सोडून. भरल्यावर प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा उजेड पाडून दारूची पातळी पाहायची हा तिथला नियम होता, आणि तो मी त्या दिवशी पाळला नाही. गोळ्या बसवून झाल्या. ओम रागावले नाहीत, ते फक्त म्हणाले, आता तुझ्या आजोबांची पद्धत काढ. मग आम्ही पन्नास काडतुसे एकेक करून तोलली. पितळेतला फरक चार-दोन ग्रेनांचा, पण दारूच नसलेले काडतूस त्याहून कितीतरी पटींनी हलके भरते; एकतिसावे काडतूस हाताला लागले तेव्हा काट्याने ते लगेच सांगितले. ते झाडले गेले असते तर टोपीच्या जोराने गोळी नळीत जेमतेम शिरून अडकली असती. बंदूक वाजली नाही म्हणून घाईने दुसरे काडतूस सरकवून चाप ओढणारा माणूस आपली नळी आणि कदाचित डोळाही गमावतो. आबाजींची पद्धत एकसारखेपणासाठी निकामी होती, पण दारू राहिलेले काडतूस पकडण्यासाठी तिच्याइतकी सोपी पद्धत नाही, हे ओमनी नंतर मान्य केले.

उन्हाचा मुद्दा विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तापलेली दारू जास्त वेगाने जळते आणि दाब वाढतो. जुन्या कॉर्डाइट दारूत हे इतके होते की विलायती कारखानदार हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी दारू कमी केलेली खास काडतुसे काढत. आजच्या काही दारू उष्णतेला बऱ्याच कमी दाद देतात, सगळ्या नाही. लेफलालेत हिवाळी पहाटे गारठ्यात तपासलेले माप घेऊन आम्ही एकदा नोव्हेंबरच्या दुपारी निशाणावर गेलो. काडतुसे गाडीच्या पुढच्या काचेखाली तापत पडली होती. पहिल्याच गोळीनंतर रायफलचा बोल्ट उचलायला दोन्ही हात लावावे लागले, आणि टोपी बुडाशी सपाट झालेली दिसली. ती पेटी तशीच बंद करून आम्ही घरी आलो. मेच्या दुपारी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पत्र्याच्या छपराखाली काय होत असेल याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत होतो.

कुडूची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात सांगण्यासारखे फार काही घडले नाही आणि तेच तिचे वैशिष्ट्य. जूनची सकाळ, नव्वद मीटर, बाजूने उभा असलेला मोठा नर, ओमची रायफल आणि ३०० ग्रेनची बॉन्डेड गोळी. तो चाळीस पावले धावला आणि पडला. गोळी पलीकडच्या कातड्याखाली मिळाली, छत्री पूर्ण उघडलेली, वजन २५८ ग्रेन. वीस माशांपैकी सतरा मासे शाबूत होते. मांस तीन घरांत वाटले गेले आणि उरलेले मीठ-धने लावून वाळवले.

परत आल्यावर दिवाळीत मी माडीवरची ती पेटी पुन्हा उघडली. रायफल आबाजींच्या निधनानंतर ठाण्यात जमा झाली होती, पण पेटीच्या तळाशी एका कागदात गुंडाळलेला शिशाचा एक वेडावाकडा गोळा होता, एका बाजूला तांब्याची फाटलेली चकती चिकटलेली. त्याची हकिकत आमच्या घरात माहीत होती, पण कोणी आपणहून सांगत नसे. १९६४ च्या हिवाळ्यात धानात उतरणाऱ्या एका मोठ्या गव्यासाठी आबाजींना रीतसर परवाना मिळाला होता. हजार किलोच्या घरातले जनावर, हातात .३१५ आणि सांबरासाठी ठीक असलेली साधी सॉफ्ट नोज गोळी. पंचवीस-तीस पावलांवरून, थेट खांद्यावर. गवा गेला. दोन दिवस माग काढला. तिसऱ्या दिवशी नाल्यात तो उभा सापडला, आणि जड रायफल घेऊन आलेल्या एका पाहुण्याने तो संपवला. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली होती, फुप्फुसांपर्यंत गेलीच नव्हती. मागकरी म्हाताऱ्याने ती सुरीने काढून आबाजींच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "नेम तं बराबर होता मालक. गोळीच हरनाची होती." त्यानंतर आबाजींनी रायफल फक्त साफ करण्यासाठी खाली काढली.

काट्याच्या दोऱ्या कुजल्या होत्या, त्या मी नव्या बांधल्या. एका पारड्यात तो गोळा ठेवला, दुसऱ्यात पितळी मासे टाकत गेलो आणि मग गुंजा. खडकीची ती गोळी नवी असताना २४४ ग्रेनची, म्हणजे सोळा मासे दोन गुंजांची. काटा नऊ मासे तीन गुंजांवर सरळ झाला. बाकीचे, सात माशांना एक गुंज कमी, त्या गव्याच्या खांद्यातच राहिले होते.